मेथीचा वास, जांभळा अंगठा

अक्का गेल्याची बातमी आली तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत दोशाच्या पिठात होते. उडीद वाटून झाला होता, भिजवलेली मेथी वाटीत शेजारी ठेवलेली होती, आणि कॉलेजातला अटेंडर सायकल भिंतीला टेकवून दारातच उभा राहिला होता. आत ये म्हटलं तरी येईना. वर्ग संपवून अक्का प्रयोगशाळेत आल्या, उंच स्टुलावर बसल्या, त्याच्याकडे पाणी मागितलं... तो पेला घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. "तण्णी केट्टांग," पाणी मागितलं त्यांनी, एवढंच तो तमिळमध्ये पुन्हा पुन्हा सांगत राहिला. पाणी वेळेवर देता आलं नाही याचंच त्याला जास्त लागलं होतं. मी हात तसेच घेऊन उभी होते, आणि खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो हा की आज या पिठात मेथी घालायची की नाही. दुःख असं वेडगळ वाटेनंच आत शिरतं बहुतेक.

त्याला आता काही आठवडे झाले. तंजावरात अक्कांवर तमिळमध्ये बोलणारे पुष्कळ निघाले, इंग्रजीत बोलणारे त्याहून जास्त. पण घरात त्या मराठी बोलायच्या, हिशेब मराठीत करायच्या, चिडायच्या तेव्हा तर खासच मराठीत चिडायच्या. त्यांच्यावर मराठीत कोणी लिहिणार नाही हे माझ्या मनाला पटेना. इथल्या मराठी घरांतून देवनागरी वाचणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून हे तुमच्या पुरवणीकडे पाठवते आहे. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही त्यांनी तरी वाचावं.

तुळजाक्का माझ्या नणंद. त्याआधी आतेबहीण. माझी आत्या साताऱ्याहून तंजावरात दिली होती, आणि तिच्या मुलाला मला द्यायचं हे मी परकरात असल्यापासून ठरलेलं. पन्नास सालानंतर लवकरच मी लग्न होऊन इथे आले. आत्याच सासू, त्यामुळे सासुरवास असा नव्हताच. अडचण होती ती भाषेची. साताऱ्याची मी, आणि इथली मराठी ऐकली की वाटायचं, कोणी तरी जुन्या बखरीतून उठून स्वयंपाकघरात आलं आहे आणि तमिळ हेल काढून मीठ मागतं आहे. अक्का 'मला' म्हणत नसत, 'मज' म्हणत. "मज भूक लागली गे," असं ही चाळिशीकडे झुकलेली बाई तारस्वरात म्हणाली की मला हसू आवरत नसे. त्याही माझ्या बोलण्याला हसत. "कुसुम बोलते की भांडते तेच कळत नाही," असं त्या शेजारणींना तमिळमध्ये सांगत, मला कळेल इतक्या सावकाश.

त्या लहानपणीच विधवा झाल्या होत्या. वडिलांनी लोकांचं न ऐकता मद्रासला पाठवून शिकवलं. रसायनशास्त्रात त्या मोठी पदवी घेऊन आल्या आणि सोबत एक सवय घेऊन आल्या, तपकिरीची. वसतिगृहात अभ्यास करताना झोप येऊ नये म्हणून सुरू केलेली तपकीर पुढे सुटली नाही. कमरेला चांदीची चपटी डबी, पदराच्या टोकाला कायम तपकिरी डाग, आणि नाक... नाक असून नसल्यासारखं. दूध करपलं तरी अक्कांना पत्ता नसे. आत्या म्हणायची, "हिच्या नाकावर फक्त चष्मा ठेवायचा." दुसरी खूण बोटांची. उजव्या हाताची बोटं बारा महिने जांभळी. शेजारच्या बायकांची समजूत, मास्तरीण आहे, शाई सांडते. ती शाई नव्हे हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

माझं पहिलं बाळंतपण इथेच झालं. मुलगा. गोरापान, हातपाय झाडणारा, भुकेला. पहिले काही दिवस सगळं नीट होतं. इथे बाळंतिणीला मेथी चारतात, तिला वेंदयम म्हणतात. मेथीचे लाडू, मेथीच्या पिठाची गुळातली कळी, म्हणजे घट्ट लापशी, सकाळी एक, संध्याकाळी एक. आत्यानं साताऱ्याचे लाडूही केले आणि इथली कळीही केली, कोणाचाच मान कमी व्हायला नको. माझ्या घामालासुद्धा मेथीचा वास यायला लागला. मग बाळाच्या दुपट्यांना यायला लागला. "आईचं दूध अंगी लागतंय," म्हणून आत्या खूश. त्यानंतर तो प्यायचा थांबला. अंग ताठ करायचा, मान मागे टाकायचा, रडणं बारीक, टोकदार झालं. डॉक्टर आले, धनुर्वात नाही म्हणाले, दुसरं काय ते त्यांनाही सांगता येईना. बारसं व्हायच्या आधीच तो गेला. त्याला नाव राहिलं नाही, त्या दुपट्यांचा गोडसर, मेथी भाजल्यासारखा वास तेवढा माझ्या नाकात राहिला.

लोक वाईट नसतात, पण त्यांना कारण लागतं. शेजारपाजारच्या बायका हळू आवाजात म्हणाल्या, दूध बाधलं. कोणी म्हणालं, हिचं दूध कडक. माझ्या तोंडावर कोणी बोललं नाही, पण मी समोर दिसले की बोलणं थांबायचं, त्यातच कळायचं. आणि मला ते पटलं होतं. तो माझ्या अंगावर प्यायला आणि गेला, याहून सरळ हिशेब कुठला? घट्ट फडकं बांधून मी ते दूध आटवलं. अक्का तेव्हा मद्रासला शिकवत होत्या. त्या सुट्टीला आल्या, माझ्याजवळ बसल्या. डबी उघडली आणि पुन्हा बंद केली, एवढं आठवतं.

पुढे तंजावरात सरकारी वैद्यकीय कॉलेज निघालं आणि अक्का बदलून घरी राहायला आल्या. जीवरसायनशास्त्र शिकवायला. जेवताना त्यांना विषयाशिवाय घास उतरत नसे. शरीरातली प्रथिनं कोणत्या बारीक तुकड्यांची असतात, त्या तुकड्यांना अमिनो आम्लं म्हणतात, त्यातली काही आपण घरी करतो आणि काही आपल्याला करताच येत नाहीत, हे सगळं मी आमटीभाताबरोबर शिकले. त्यांचा लाडका तुकडा होता वॅलीन. का लाडका ते माहीत नाही, माणसाला एखादं भाचरू जास्त आवडतं तसंच असेल. ताटातला भात बोटानं दाखवून म्हणायच्या, "पाहा कुसुम, हे भाताचं रोप चिखलात उभं राहून वॅलीन करतं. उडीद करतो. मातींतला जंतू करतो. मज येत नाही, तुज येत नाही, राजाला येत नाही. आपण नुसते मागून खाणारे." आणि तेच वॅलीन मग आपल्या स्नायूंत जाऊन बसतं, रक्तात बसतं, जास्त झालं तर शरीर ते टप्प्याटप्प्यानं तोडतं आणि शेवटी चुलीत घालून ऊब करतं. रक्ताच्या एका प्रथिनात ते नको त्या एका जागी बसलं की लाल पेशी विळ्यासारखी वाकते, हे नुकतंच कोणी तरी शोधून काढलं होतं. ते सांगताना अक्कांचा घास हातातच थांबला होता. पानाला नमस्कार करून उठायची त्यांची रीत होती. आधी मला तो कर्मठपणा वाटायचा. नंतर कळलं, तो नमस्कार रोपाला असायचा.

जांभळ्या बोटांचा उलगडाही तेव्हाच झाला. त्या गाळणकागदावर लघवीचा किंवा रक्ताचा एक थेंब ठेवत आणि तो कागद काचेच्या टाकीत उग्र वासाच्या द्रवात टांगत. द्रव कागदातून चढतो आणि चढताना प्रत्येक आम्लाला वेगवेगळ्या उंचीवर नेऊन ठेवतो. मग कागद वाळवून त्यावर एक औषध फवारायचं आणि ऊब द्यायची. आधी कोरा असलेला कागद ठिकठिकाणी जांभळा होतो. वॅलीन कुठे, ल्यूसीन कुठे, किती, सगळं दिसतं. तेच औषध बोटांना लागलं की बोटंही जांभळी, कारण घामातही ही आम्लं असतात. म्हणून कागदाला हात लावायचा नाही, चिमट्यानं धरायचा. या बाबतीत अक्का फार कडक होत्या. कागदावर कोणाचं बोट उमटलं की तो विद्यार्थी त्या दिवशी जेवायचा नाही असं म्हणत.

आता त्या पाहुण्यांचं सांगते. कॅनडाचे एक प्राध्यापक काही दिवसांसाठी कॉलेजात आले होते आणि अक्कांनी त्यांना घरी जेवायला बोलावलं. उंच, लाजरे, जोडे कुठे काढायचे म्हणून गोंधळलेले. आत्या मागे चुलीवर आमटीच्या मसाल्याच्या पुडीसाठी मेथी भाजत होती. गृहस्थ ओट्यापाशी आले आणि थबकले. डोळे मिटले. मग इंग्रजीत अक्कांना काही म्हणाले. अक्कांनी तमिळ, मराठी सगळं विसरून पुन्हा पुन्हा तेच विचारलं, आणि ते हसत पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. त्यांच्या देशात मेपलच्या झाडाचा चीक आटवून काकवी करतात, लहानपणी सकाळी ते ती धिरड्यावर घालून खात, आणि हा हुबेहूब तोच वास आहे, घराची आठवण आली. आत्यानं कौतुकानं त्यांच्या पानात मेथीची भाजी जास्त वाढली. अक्का मात्र जेवल्या नाहीत. पानासमोर बसून राहिल्या. मला वाटलं, उन्हाचं झालं असेल.

त्यांना काय झालं ते त्यांनी काही दिवसांनी सांगितलं. परदेशच्या एका नियतकालिकात त्यांनी एका नव्या आजाराबद्दल वाचलं होतं. बाळ चांगलं जन्मतं, काही दिवसांनी प्यायचं थांबतं, ताठ होतं, आणि त्याच्या लघवीला त्या काकवीसारखा वास येतो. हे वाचून त्यांनी ते बाजूला ठेवलं होतं. ती काकवी इथे कोणी पाहिलेली नाही, वास कसा असतो कोण सांगणार? आणि स्वतःचं नाक तर तपकिरीनं बुजवलेलं. आमच्या घरात, आमच्या बाळाच्या दुपट्यांना तो वास येऊन गेला होता. सगळ्यांना आला होता, आणि सगळ्यांना त्याचं कारण माहीत होतं... मेथीचे लाडू.

त्या दुपारी माझे यजमानही घरी होते. ते पाटबंधाऱ्याच्या कचेरीत, म्हणून अक्कांनी भावाच्या भाषेत समजावलं. "तीन पाट आहेत असं धर. वॅलीनचा, ल्यूसीनचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा. आईच्या दुधांतून तिन्ही पाटांना पाणी येतं. शेतास ते हवंच, त्याविणा रोप वाढत नाही. जास्तीचं पाणी पुढे सोडायला तिघांस मिळून एकच झडप. ती झडप जन्मतःच उघडत नसेल तर तेंच पाणी तुंबतं आणि रोप बुडतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. माझा हात जांभळ्या बोटांत धरला. "पाणी वाईट नव्हतं गे. तुझं दूध चांगलं होतं, कुसुम. जगांतलं कुठलंही दूध त्यास तसंच झालं असतं. गाईच्या दुधांत तर हें सगळं जास्तच असतं." मी इतकी वर्षं ते वाक्य कोणी तरी म्हणावं म्हणून थांबले होते आणि मला ते माहीतही नव्हतं. मी खूप रडले. यजमान उठून अंगणात गेले. अक्कांनी पुढचंही प्रामाणिकपणे सांगितलं, की त्याला तेच झालं होतं हे सिद्ध करता येणार नाही, त्याचं तपासायला काही उरलेलं नाही. पण तेच असेल तर आमच्या पुढच्या मुलालाही ते होऊ शकतं. नात्यात लग्न झालेल्या घरात ही भीती जास्त. आणि बाळाला तेच निघालं तर? तर त्यावर तेव्हा कोणाकडेच खात्रीचा उपाय नव्हता. वेळेत कळलं तर निदान काही प्रयत्न करता येईल, एवढंच त्या म्हणाल्या.

मी दुसऱ्यांदा गरोदर राहिले ती हे सगळं माहीत असताना. भीती होती, पण आता ती कशाची हे तरी ठाऊक होतं. अक्कांनी एकच अट घातली आणि घरात महाभारत पेटलं. या बाळंतपणात मेथी बंद. लाडू नाहीत, कळी नाही, काही नाही. आईच्या खाण्यातून बाळाला मेथीचा वास येऊ शकतो, मग खरा वास आला तरी कळायचा कसा? आत्याला हे पटेना. "बाळंतिणीस वेंदयम नाही? मग कंबर कशी भरायची, दूध कसं यायचं? तुझ्या पुस्तकांत लिहिलेलं असेल, मज शिकवूं नको तुळजा." दोघी मायलेकी काही दिवस एकमेकींशी माझ्यामार्फत बोलत होत्या. एक दिवस अक्का आत्यासमोर बसल्या, कमरेची डबी काढली आणि तिच्या हातात दिली. "तूं वेंदयम सोड, मी ही सोडते. मज त्या लेकराचा वास घ्यायचा आहे, अम्मा." आत्यानं डबी उघडून पाहिली, मिटली, आणि देवघरात कुंकवाच्या करंड्यामागे ठेवून दिली. तो विषय तिथे संपला. तपकीर सोडल्यावर अक्का महिनाभर इतक्या चिडचिड्या झाल्या की कॉलेजातली मुलं त्यांना पाहून जिना बदलायची.

मुलगी झाली. रमा. मी तिला पाजायला घाबरत होते, डब्यातली दुधाची पूड आणू म्हणत होते. अक्कांनी स्वतः तिला उचलून माझ्या कुशीत दिलं आणि ती पीत असेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. आत्यानं पथ्य कसून पाळलं. मऊ भात, तूप, मिऱ्याचं सार, लसूण. रोज संध्याकाळी अक्का कॉलेजातून येत, पाय धुवायच्या आधी दारातूनच विचारत, "वास?" आणि आम्ही आतून सांगायचो, "कसलाच नाही." मग त्या आत येऊन रमेच्या टाळूला नाक लावून हुंगत. त्यांचं नाक अजून परतलं नव्हतं, पण हुंगायच्या. टाळू हुंगून आशीर्वाद द्यायची रीत जुनीच आहे, त्यांनी तिला कामाला लावलं होतं. पहिला मुलगा ज्या दिवसांत गेला ते दिवस उलटले. बारसं झालं. पानं उठली, तूळीत, म्हणजे इथल्या कापडी झोळीत, रमा झोपली, आणि माझ्या छातीवरचं ओझं पहिल्यांदा थोडं हललं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच एका सकाळी आत्या दुपटं बदलत होती. ती एकदम गप्प झाली. तिचं गप्प होणं मला कळलं, कारण ती गप्प कधी नसायचीच. मी दुपटं हातात घेतलं. तोच वास होता. गोडसर, भाजल्यासारखा. अक्का कॉलेजला निघण्याच्या गडबडीत होत्या, हात पुसत आत आल्या आणि कोणी काही सांगायच्या आत दारातच थांबल्या. "मज आला," त्या म्हणाल्या. किती वर्षांनी त्यांना कसला तरी वास आला होता... आणि आला तो हा. त्यांनी कोणाला धीर दिला नाही, खोटं बोलणं त्यांना जमत नसे. काचेची कुपी मागवली, रमेची लघवी धरली, आणि सायकलरिक्षा करून गेल्या.

कागदाला वेळ लागतो. त्याला घाई सांगता येत नाही, द्रव आपल्या चालीनंच चढतो. तो दिवस आणि दुसऱ्या दिवशीची दुपार कशी गेली ते मला लिहिता येणार नाही. रमा पीत होती की कमी पीत होती? रडणं नेहमीचं की टोकदार? आत्या देवासमोरून हलली नाही. मी तिला पाजत राहिले, कारण अक्कांनी जाताना तेवढं एकच सांगितलं होतं, "पाज. थांबूं नको." ते दूध चांगलं आहे यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्या दोन दिवसांत मला प्रत्येक वेळी नव्यानं ठरवावं लागत होतं. प्रत्येक वेळी मी अक्कांवर ठेवला.

दुपारी रिक्षा वाजली. अक्का कागद दोन्ही हातांत पुढे धरून, उतरताना चप्पल तिथेच टाकून आत आल्या. "पाहा." एका रांगेत शुद्ध वॅलीन, ल्यूसीन यांचे गडद जांभळे ठिपके. दुसऱ्या रांगेत अक्कांचं स्वतःचं. तिसऱ्या रांगेत रमेचं. त्या उंचीवर तिथे जेमतेम धूसर सावली, अक्कांच्या रांगेत होती तेवढीच. "तुंबलेलं नाही. झडप उघडी आहे," म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं. आणि कागदाच्या कोपऱ्यात, जिथे कोणाचंच काही असायला नको, तिथे एक अंगठा उमटला होता. रेघन् रेघ स्पष्ट, जांभळा. चिमटा धरायला त्या विसरल्या होत्या.

मग वास कुठून आला? आनंदातसुद्धा तो प्रश्न अक्कांना सोडेना. आत्यानं त्यांना आदल्या दिवसापासून उपाशी म्हणून चुलीपाशी बसवलं आणि तवा ठेवला. पहिला दोसा पडला, चर्र झालं, आणि अक्कांनी मान वर केली. नुकतंच जागं झालेलं नाक. "अम्मा, ह्यांत काय घातलंस?" "काय घालणार? नेहमींचंच. तांदूळ, उडीद, वेंदयम..." पळीभर पीठ तव्यावर तसंच पडून राहिलं. बारशानंतर पथ्य सैल झालं म्हणून मी रोज सकाळी दोसे खात होते. वर आमटी, पुडीची. लोणचंही. मेथी बंद म्हणजे लाडू बंद, कळी बंद असं आम्ही सगळ्यांनी धरलं होतं. पिठातली मेथी ही काय खायची गोष्ट आहे? ती पिठात असते. आत्याला सुचलं नव्हतं, मला नव्हतं, आणि रोज समोर बसून तेच दोसे खाणाऱ्या, जिल्ह्यात या विषयातलं सगळ्यांत जास्त कळणाऱ्या अक्कांनाही नव्हतं. आधी आत्या हसली. मग अक्का इतक्या हसल्या की ठसका लागला, आणि झोळीतली रमा दचकून रडायला लागली. तिचं ते भरघोस, रागीट रडणं आम्ही तिघी ऐकत बसलो. कोणी लगेच उठलं नाही.

आत्या आधी गेली; अक्काही त्यानंतर पुष्कळ वर्षं नाही जगल्या. पण जेवढी जगल्या तेवढ्यात आसपासच्या गावांतून, तिरुवैयारूहून, कालव्यांच्या काठच्या खेड्यांतून अशी बाळं कोणी कोणी त्यांच्याकडे आणायचं. वास येतो म्हणून. बहुतेक वेळा आईची मेथीच निघायची, आणि अक्का त्या पोरीला समोर बसवून तेच सांगायच्या, तुझं दूध चांगलं आहे. एका घरी मेथी नव्हती. तिथे कागद गडद निघाला. त्या बाळासाठी त्या मद्रासला, वेल्लोरला धावल्या, उपयोग झाला नाही. पण त्याची आई आजही मला बाजारात भेटते. अक्का गेल्याचं कळल्यावर ती आली होती. तिच्या घरी तिला कोणी बोल लावला नाही, कारण अक्कांनी तिच्या सासूला, नवऱ्याला, दिराला एकत्र बसवून तीन पाट आणि एक झडप समजावली होती. एवढं सांगून ती गेली. मला वाटतं, अक्कांच्या सगळ्या पदव्या एकीकडे आणि ते एकीकडे.

तो कागद त्यांनी मला दिला होता. मी तो लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवला. परवा काढून पाहिला. ते जांभळं टिकत नाही, हे त्या सांगायच्याच. वॅलीनचा ठिपका आता चहाच्या डागासारखा झाला आहे, ल्यूसीनचा त्याहून फिका. रमेच्या रांगेत काहीच उरलेलं नाही. तिथे काही नसणं हाच आमचा आनंद होता, तो तसाच आहे. कोपऱ्यातला अंगठा मात्र अजून ओळखू येतो. मी त्याच्यावर बोट ठेवलं नाही, चिमट्यानं घडी घातली.

रमा आता शाळेत जाते. तिला या कशातलं काही नीट सांगितलेलं नाही. तिला एवढंच माहीत की रोज संध्याकाळी अक्का दारातून आल्या की त्यांच्यापुढे डोकं वाकवून उभं राहायचं, त्या टाळू हुंगणार आणि वास आला की नाही ते आत मला ओरडून सांगणार. मोठी झाली तरी हे चुकलं नाही. अक्का गेल्यावर काही दिवस ती त्या वेळी अंगणात घुटमळायची. काल मी मेथी वाटली, पिठात घातली, हात धुतले आणि ओट्यावर येऊन बसले. ती आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि डोकं खाली केलं. मी तिची टाळू हुंगली. खोबरेल तेल, शाळेची धूळ, ऊन, वेणीतला कोमेजलेला मोगरा. मग मी आतल्या रिकाम्या घराकडे तोंड करून, अक्का सांगायच्या तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं, "कसलाच नाही."